बॉस वाचला म्हणून स्पेल फुकट गेला असं नाही

पत्र

ताई, देवगडपासून थोडं आत आमचं गाव. आंब्याची शेवटची पेटी मार्केटला गेली की आमचा खेळ सुरू होतो तो गणपतीपर्यंत चालतो. दर रविवारी पडवीत पाच जण बसतो. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, जीएम, गोष्ट रचणारा आणि शत्रू खेळवणारा. वहिनी फायटर, म्हणजे योद्धा, आणखी दोघे मित्र, आणि मी पहिल्यापासून विझर्ड, म्हणजे मांत्रिकीण. इतकी वर्षं डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवून फाशांवर खेळायच्या खेळाची, पाचवी आवृत्ती खेळलो. यंदा दादाने त्याच जातीच्या पाथफाइंडर या खेळाची दुसरी आवृत्ती आणली आणि माझं गणितच बिघडलं.

आम्ही पाचव्या लेव्हलला आहोत. गेल्या रविवारी आठव्या लेव्हलचा एक राक्षस समोर आला. फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा स्पेल (मंत्र), मी एकदाच तयार केला होता, तो आधीच्या खोलीत दोन फुटकळ सांगाड्यांवर उडवून बसले होते. मग शत्रूला जागच्या जागी थिजवणारा पॅरालाइझ टाकला. दादाने फासा टाकला आणि म्हणाला, "काही झालं नाही." अगदी काहीच नाही! उरलेली सगळी लढाई कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारे किरकोळ मंत्र, फेकत काढली. वहिनीने दोन क्रिटिकल, म्हणजे जबर लागणारे वार, मारले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या खेळात एका स्पेलवर लढाई फिरवायचे गं मी. दादाकडे तक्रार केली तर म्हणतो, "तुला अजून खेळ कळला नाही." विझर्ड सोडू? की सगळ्यांना परत जुन्या खेळावर चला म्हणू?

– वैतागलेली मांत्रिकीण

उत्तर

अगं, आधी तुझ्या दादाचा समाचार घेते, मग तुझ्याकडे वळते.

"तुला खेळ कळला नाही" हे जीएमने म्हणायचं वाक्यच नव्हे. तो नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपत असेल, तुझ्या वाट्याला मात्र फक्त रविवार आलेत. शिवाय त्याने पाचव्या लेव्हलच्या पार्टीपुढे तीन लेव्हल वरचा एकटा राक्षस आणून उभा केला. चार खेळाडूंसाठी अशी लढत नियमांच्याच हिशेबात 'सिव्हिअर', म्हणजे कठीण, धरली जाते. आणायला हरकत नाही, पण नव्या खेळाची ओळख होत असताना मांत्रिकाला असा शत्रू देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट बंदराबाहेर नेण्यातला प्रकार. हे त्याला वाचून दाखव. माझं नाव सांग.

आता पॅरालाइझचं काय झालं ते बघू, कारण तुझी निम्मी चिडचिड त्या एका फाशात आहे.

पाथफाइंडरमध्ये सेव्हचे, म्हणजे स्पेलपासून वाचायला शत्रूसाठी टाकतात त्या फाशाचे, चार निकाल असतात, हे दादाने सांगितलं असेलच. डीसी, म्हणजे वाचायला गाठायचा आकडा, गाठला तर यश, दहाने ओलांडला तर क्रिटिकल यश, हुकला तर अपयश आणि दहाने हुकला तर क्रिटिकल अपयश. पॅरालाइझमध्ये शत्रू साध्या यशाने सुटला तरी त्याची फेरीतली एक चाल, म्हणजे एक अ‍ॅक्शन जाते. मग तुझा राक्षस कोरडाच कसा सुटला? त्या स्पेलवर 'इन्कपॅसिटेशन' असा शिक्का आहे म्हणून. शत्रूची लेव्हल स्पेलच्या रँकच्या, म्हणजे दर्जाच्या आकड्याच्या, दुपटीपेक्षा जास्त असेल तर त्याचा निकाल एक पायरी वर सरकतो. तुझा स्पेल तिसऱ्या रँकचा, दुप्पट झाले सहा. राक्षस आठव्या लेव्हलचा. त्याला मिळालं असणार साधं यश, त्याचं झालं क्रिटिकल यश, आणि तुझ्या हाती भोपळा. दादाने हे एवढं मोठ्याने सांगितलं असतं तर तू हे पत्र लिहिलंच नसतंस.

हा नियम अन्यायाचा वाटतो, पण जुना खेळ तरी कुठे दयाळू होता? डी अँड डीत मोठ्या बॉसकडे लेजेंडरी रेझिस्टन्स असतो. दिवसातून बहुधा तीनदा तो नुसता "वाचलो" म्हणतो आणि तुझा सेव्ह मागणारा कुठलाही स्पेल, अगदी चांगला लागलेलाही, पाण्यात जातो. पाथफाइंडरने असला सरसकट चिलखताचा मामला ठेवला नाही. लढाई एका फटक्यात संपवणारे जे ठरावीक स्पेल आहेत त्यांच्यावर हा शिक्का मारला, बाकीच्यांना बॉसवर मोकळं सोडलं. तेव्हा स्पेलचं पान उघडलंस की नावाखालचे शिक्के आधी वाच. इन्कपॅसिटेशन दिसलं की तो स्पेल स्वतःच्या लेव्हलच्या आसपासच्या शत्रूंसाठी, बॉससाठी नाही.

मग बॉसवर काय टाकायचं? शत्रूला मंदावणारा स्लो टाक. तोही तिसऱ्याच रँकचा, आणि त्याच्यावर शिक्का नाही.

एकदा आकडे मांडूनच बघ. पाचव्या लेव्हलला तुझा डीसी असणार २१. दहा, अधिक लेव्हलचे पाच, 'ट्रेन्ड' या प्रावीण्याच्या पहिल्या पायरीचे दोन, बुद्धीचे चार. स्लोला फॉर्टिट्यूड, म्हणजे अंगातल्या दमाचा, सेव्ह लागतो. समज, त्या शत्रूचा फॉर्टिट्यूड दुबळा आहे, +१३. फाशावर १ ते ७ आले तर तो नापास. पुढचा एक मिनिट, म्हणजे अख्खी लढाई, त्याची दर फेरीला तीनपैकी एक अ‍ॅक्शन गेली. ८ ते १७ आले तर तो 'वाचला', तरीही एका फेरीपुरती एक अ‍ॅक्शन गेलीच. फक्त १८, १९ आणि २० ला तो कोरडा सुटतो. वीसपैकी सतरा वेळा तुझ्या पदरात काहीतरी पडतं. (१ पडला तर क्रिटिकल अपयश, दर फेरीला दोन अ‍ॅक्शन्स गेल्या. तेव्हा टाळ्या तुला.)

आता त्याच शत्रूचा फॉर्टिट्यूड दांडगा, +१९ धर. तो नीट नापास होणार फक्त १ पडला तर. २ ते ११ ला एका फेरीची एक अ‍ॅक्शन, १२ पासून पुढे काही नाही. वीसपैकी अकरा.

दोन गोष्टी यातून दिसतात. एक म्हणजे कुठल्या सेव्हवर मारा करतेस त्याला तुझ्या जुन्या खेळापेक्षा इथे फार जास्त किंमत आहे. दुसरी, आणि माझं सगळं म्हणणं या दुसरीतच आहे, की इथे स्पेलची किंमत शत्रू नापास झाल्यावर काय होतं यावरून करायची नाही. शत्रू पास झाल्यावर काय उरतं ते बघायचं. डी अँड डीत होल्ड पर्सन टाकला की एकतर शत्रू खांबासारखा उभा किंवा स्लॉट, म्हणजे दिवसाच्या मोजक्या स्पेलमधली एक जागा, गेला वाया, मधलं काही नाही. तुझ्या मनाला त्या दोन टोकांची सवय लागलेली आहे. म्हणून दादा "वाचला" म्हणाला की तुझा चेहरा पडतो. पुढच्या रविवारी स्पेल निवडताना वर्णनात 'सक्सेस' या शब्दापुढे काय लिहिलंय तेवढंच आधी वाच. तिथे काही नसेल तर तो स्पेल बॉससाठी घेऊ नकोस.

कमकुवत सेव्ह ओळखायचा कसा? रिकॉल नॉलेज. एक अ‍ॅक्शन जाते, ज्ञानाचा फासा टाकायचा आणि जीएमला सरळ विचारायचं, "याचा सगळ्यात दुबळा सेव्ह कुठला?" हे फसवणुकीत येत नाही, त्यासाठीच ती अ‍ॅक्शन ठेवलेली आहे. फासा रुसला तर डोळ्यांनी बघ. आडदांड, थोराड प्राण्याचा फॉर्टिट्यूड तगडा असतो, त्याच्या मनावर मारा कर. चपळ, सडपातळ शत्रूवर फायरबॉल फुकट घालवू नकोस. अपवाद निघतील, पण बिनमाहितीच्या फेकीपेक्षा हे बरं.

आता सकाळच्या तयारीकडे. तुझा खरा घोळ इथे झालाय असं मला पत्र वाचताना वाटलं, कारण फायरबॉल "एकदाच तयार केला होता" हे तू अपराध कबूल केल्यासारखं लिहिलंस.

तू बागायतदाराच्या घरची, तुला एकाच दाखल्यात कळेल. डी अँड डीची पाचवी आवृत्ती म्हणजे आढीतले आंबे. काय काय पिकतंय ते ठरलेलं, पण गिऱ्हाईक दारात आल्यावर त्याला कुठले आणि किती द्यायचे ते तू तेव्हा ठरवतेस. पाथफाइंडरचा विझर्ड म्हणजे सकाळीच भरलेल्या पेट्या. या पेटीत हे, त्या पेटीत ते, वर नाव टाकून टेम्पोत चढवल्या. वाशीची पेटी मग पुण्याच्या माणसाला देता येत नाही. फायरबॉल दोनदा हवा तर दोन पेट्या फायरबॉलच्या. खालचा स्पेल वरच्या ताकदीने हवा तर तो सकाळीच वरच्या रँकच्या स्लॉटमध्ये बसवायला हवा, ऐनवेळी चढवता येत नाही.

ही चाल नवी नाही, उलट हीच जुनी. जॅक व्हान्स नावाच्या लेखकाच्या १९५० सालच्या कथांमधले मांत्रिक मोजके मंत्र डोक्यात साठवायचे आणि उच्चारला की तो मंत्र डोक्यातून पुसला जायचा. १९७४ साली डी अँड डी निघाला तेव्हा त्याने हीच रीत उचलली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ती सैल केली आणि तू नेमकी त्या सैल काळात विझर्ड झालीस. पाथफाइंडर दुसरी आवृत्ती २०१९ ची असली तरी या बाबतीत ती आजोबांच्या वळणावर गेली आहे.

एक मात्र सांगते, तुझे स्लॉट कमी झालेले नाहीत. पाचव्या लेव्हलला डी अँड डीच्या विझर्डला नऊ स्लॉट. इथे तुझ्या स्कूलचा, म्हणजे निवडलेल्या जादूच्या शाखेचा, जादा स्लॉट धरून पहिल्या रँकचे चार, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे तीन, असे अकरा. वर बॉन्डेड आयटम आहे. दिवसातून एकदा, आज टाकून झालेला एखादा तयार स्पेल त्यातून परत टाकता येतो. सांगाड्यांवर उडवलेला फायरबॉल तुला राक्षसाच्या वेळी परत मिळाला असता. दादाने आठवण केली नाही की तुझ्या लक्षात आलं नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

पेट्यांवर नाव हवं म्हणून एक हातचं काम सांगते. घरात गेल्या लग्नसराईच्या पत्रिकांचा गठ्ठा असेलच. कोकणात कुणाच्या घरी नसतो? त्या मधोमध कापून पाठकोऱ्या बाजूवर एका स्लॉटला एक कार्ड कर. वर मोठ्या अक्षरात स्पेलचं नाव, खाली चार गोष्टी. कुठला सेव्ह, किती अ‍ॅक्शन्स, शत्रू पास झाला तर काय, नापास झाला तर काय. शिक्का असेल तर कोपऱ्यात लाल खूण. सकाळच्या तयारीच्या वेळी अकरा कार्डं समोर मांडायची, स्पेल टाकला की कार्ड उलटं. पत्रिकेचा कागद जाड असतो, आषाढातल्या दमट हवेत वहीच्या पानासारखा लोळागोळा होत नाही. आणि शाईऐवजी पेन्सिल वापर, पुढच्या रविवारी खोडता येईल. नियम मोबाइलवर वाचायला आर्काइव्ह्ज ऑफ निथिस नावाचं संकेतस्थळ आहे, पाथफाइंडर काढणाऱ्या पायझोच्या संमतीने सगळे नियम तिथे फुकट आहेत. पण तुमच्याकडे पावसात वीज आणि रेंज दोन्ही कधी जातील याचा नेम नाही. कार्डांना रेंज लागत नाही.

आणि कार्ड लिहिताना पुस्तक कुठल्या छपाईचं ते बघ. २०२३ च्या नोव्हेंबरपासून सुधारित पुस्तकं यायला लागली. त्यात स्पेलच्या लेव्हलला रँक म्हणतात आणि काही स्पेलची नावंही बदलली. मॅजिक मिसाइल आता फोर्स बॅराज या नावाने भेटेल. एकाच्या हातात जुनं, दुसऱ्याच्या हातात नवं पुस्तक असलं की निम्मा रविवार वादात जातो.

नावं बदलली त्यांची भीती नाही, नावं तीच राहिली ते स्पेल जास्त घात करतात. शील्ड घे. जुन्या खेळात कुणी वार केला की रिअ‍ॅक्शन म्हणून टाकायचा, स्लॉट जायचा आणि एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, पाचाने वाढायची. इथे तो कॅन्ट्रिप आहे, आपल्या पाळीत एक अ‍ॅक्शन देऊन आधीच टाकून ठेवायचा, एसी एकाने वाढते. वार बसल्यावर "शील्ड!" म्हणून ओरडायची तुझी सवय असेल तर ती पहिल्याच दिवशी मार खाते. फायरबॉलसुद्धा तिकडे सहा बाजूंच्या आठ फाशांचा, इकडे सहाच फाशांचा. मात्र इकडे कुणी क्रिटिकली नापास झालं तर त्याला दुप्पट बसतो.

उलट बाजूने एक जुनी भीती इथे निघून गेली आहे आणि तिचा फायदा तू घेत नसशील असं मला वाटतं. कॉन्सन्ट्रेशन! डी अँड डीत एका वेळी एकच असा स्पेल धरून ठेवता यायचा, वर मार बसला की तो सुटतो की काय म्हणून जीव टांगणीला. पाथफाइंडरमध्ये ती साखळी नाही. वेग वाढवणारा हेस्ट वहिनीवर टाकला की मिनिटभर आपोआप चालतो, धरून ठेवावा लागत नाही. त्याच लढाईत तू शत्रूवर स्लोही टाकू शकतेस आणि दोन्ही एकदम चालू राहतात. काही स्पेल दर फेरीला एक अ‍ॅक्शन देऊन 'सस्टेन' करावे लागतात, पण तुला मार बसला म्हणून तेही सुटत नाहीत. जुन्या खेळातून येणारे कितीतरी मांत्रिक एक स्पेल टाकून मग कॅन्ट्रिपवर येतात ते या जुन्या धाकापायी. स्लॉट मोकळ्या हाताने खर्च कर.

अ‍ॅक्शनचा हिशेब थोडक्यात. तुझ्याकडे तीन असतात, बहुतेक स्पेल दोन खातात, उरते एक. ती एक चालायला, शील्डला, किंवा रिकॉल नॉलेजला. डी अँड डीसारखं चालणं इथे फुकट नाही. शत्रू खेटून उभा असेल तर आधी विचार, याच्याकडे रिअ‍ॅक्टिव्ह स्ट्राइक आहे का. असला तर स्पेलचे हातवारे करतानाच तो वार करू शकतो, आणि तो वार क्रिटिकल बसला तर स्पेलच मोडतो. एक पाऊल 'स्टेप'ने मागे सर आणि मग दोन अ‍ॅक्शन्सचा स्पेल टाक, तीन पुऱ्या झाल्या.

आता वहिनीचे क्रिटिकल. पत्रात त्या टाळ्या तुला बोचलेल्या दिसतात.

यात तुझा दोष नाही, हे लेव्हलचं दुखणं आहे. फायटरला पाचव्या लेव्हलला आपल्या शस्त्रांच्या गटात मास्टरी मिळते. विझर्ड सातवी लेव्हल येईपर्यंत ट्रेन्डवरच अडकलेला असतो, तेव्हा कुठे एक्स्पर्ट होतो. पाचवी आणि सहावी या दोन लेव्हल विझर्डला सगळ्यात कोरड्या जातात आणि तू नेमकी त्यात आहेस. सातवीला डीसी वाढेल आणि चौथ्या रँकचे स्लॉटही येतील. तोवर हंगाम संपायचा नाही, अजून श्रावण आहे.

दरम्यान त्या क्रिटिकलमध्ये वाटा मागायला शिक. फिअर हा पहिल्या रँकचा स्पेल बघ. शत्रू पास झाला तरी 'फ्राइटन्ड १' होतो, म्हणजे त्याचे सगळे फासे आणि सगळे डीसी, एसीसकट, एकाने खाली. नापास झाला तर दोनाने. एकाने काय होतं म्हणशील, तर या खेळात दहाने ओलांडलं की क्रिटिकल असल्यामुळे तो एक आकडा दोनदा कामाला येतो. वहिनीचा हुकणारा वार लागतो आणि काठावरचा वार क्रिटिकल होतो. तिसऱ्या रँकमध्ये तयार केलास तर तोच स्पेल पाच शत्रूंना पुरतो.

पण वेळ साधायला हवी. शत्रूची पाळी संपली की भीती एकाने उतरते. तू वहिनीच्या नंतर आणि शत्रूच्या लगेच आधी फिअर टाकलास तर तुझ्या लोकांनी हात उचलायच्या आतच 'फ्राइटन्ड १' संपलेला असतो. तुझी पाळी 'डिले' कर. त्याला अ‍ॅक्शन लागत नाही. शत्रूची पाळी झाल्या झाल्या आत शिर, म्हणजे मधे वहिनी आणि दोन्ही मित्र सगळे येतात. वहिनीशीही बोल. तिने तुझ्या आधी एक अ‍ॅक्शन डिमॉरलाइझला, म्हणजे धाक दाखवायला, दिली तर शत्रूचे सेव्ह घसरतील आणि तुझा स्लो जास्त लागेल. फायटरला तिसरा वार तसाही क्वचितच लागतो, ती अ‍ॅक्शन तिला जड जाणार नाही.

आणि दादाकडे माझा एक हट्ट धर. एखादा वार फिअरमुळे लागला किंवा एखादा क्रिटिकल त्या एका आकड्यामुळे झाला तर त्याने ते मोठ्याने म्हणायचं. "हा वार भीतीमुळे बसला." स्लोमुळे राक्षसाचा तिसरा हल्ला गेला तर तेही. जीएमच्या पडद्याआड तुझी जादू कामाला येत असते आणि पडवीत कुणाला पत्ताच नसतो, मग टाळ्या कुठून येणार?

विझर्ड सोडू का, असं विचारलंस. सकाळच्या पेट्या भरायचा तुला मनापासून कंटाळा असेल तर सोड. सॉर्सरर हो. त्याला ठरावीक स्पेल माहीत असतात आणि त्या रँकच्या कुठल्याही स्लॉटमधून तो त्यातला कुठलाही टाकतो, तुझ्या जुन्या सवयीच्या जवळचं. फक्त वरच्या स्लॉटमध्ये मोकळेपणाने चढवता येतात ते 'सिग्नेचर' म्हणून निवडलेलेच, दर रँकला एक. विझर्ड राहून सूट हवी असेल तर स्पेल सब्स्टिट्यूशन नावाचा थीसिस, म्हणजे विझर्डने निवडायची खासियत, आहे. त्यात दहा मिनिटं देऊन न वापरलेल्या स्लॉटमधला स्पेल बदलता येतो. तुझ्यासारखीला मी हाच सुचवेन. २०२१ च्या सीक्रेट्स ऑफ मॅजिक या पुस्तकात फ्लेक्सिबल स्पेलकास्टर म्हणूनही एक वाट आहे, आढीसारखीच मोकळी, पण तिथे स्लॉट कमी होतात. मला तो सौदा पटत नाही. यातलं काहीही मधेच बदलायला दादाची परवानगी लागेल, आणि वरच्या भाषणानंतर तो नाही म्हणेल असं वाटत नाही.

दार उघडायचा, पाण्याखाली श्वास घ्यायचा, असले वर्षातून एकदा लागणारे स्पेल स्लॉटमध्ये कोंबू नकोस. त्यांच्या स्क्रोल, म्हणजे एकदाच वापरायच्या मंत्राच्या गुंडाळ्या, विकत घे. पहिल्या रँकची ४ सोन्याची नाणी, दुसऱ्याची १२, तिसऱ्याची ३०. पाचव्या लेव्हलला हे परवडतं. पार्टीच्या सामाईक पैशातून माग, कारण दार सगळ्यांनाच ओलांडायचं असतं.

परत जुन्या खेळावर चला म्हणण्याची घाई मात्र करू नकोस. जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीच्या परवान्यावरून वाद पेटल्यावर बरेच गट इकडे आले, तुझ्यासारखी पत्रं मला तेव्हापासून येताहेत, आणि कुरकुर जवळजवळ सारखीच असते. खेळ कुठलाही बदला, मांत्रिकाला नव्याने हिशेब मांडावा लागतोच. शॅडोडार्कमध्ये गेलीस तर स्पेल टाकायलाच फासा टाकायचा, हुकला की विश्रांतीपर्यंत तो स्पेल गेला. कॉल ऑफ कथुलूमध्ये जादू मॅजिक पॉइंटबरोबर मनाचा तोलही खाते. तिथून परत आलीस तर पाथफाइंडरच्या पेट्या सोयीच्या वाटतील.

सातव्या लेव्हलपर्यंत खेळ. तोवर बॉससाठी दोन स्लो, फिअर पहिल्या रँकमध्ये, आणि फायरबॉल एकच, पण किमान तीन शत्रू एका घोळक्यात सापडतील तेव्हाच. कॅन्ट्रिपमध्ये इलेक्ट्रिक आर्क नसेल तर घे, दोन शत्रूंना एकदम लागतो आणि ते पास झाले तरी निम्मा बसतो. पॅरालाइझचं कार्डही फाडू नकोस. दादा कधीतरी राक्षसाऐवजी त्याचा पाचव्या-सहाव्या लेव्हलचा सेनापती पुढे पाठवेल. तिथे शिक्का आडवा येत नाही. तो नापास झाला तर एक फेरी जागच्या जागी थिजेल आणि वहिनी त्याच्या शेजारीच उभी असेल.